चारशे बारा बैलांचा पोळा

देवपूर, धुळे
रविवार, ता. ३१ जुलै १९५५

ती. रुपचंदभाऊ यांस,

गिरधरचा सा. नमस्कार वि. वि. तुमचं कार्ड बुधवारी पोचलं. इकडे सगळं क्षेम आहे. पांझरेच्या फरशी पुलावरून दोन दिवस पाणी होतं, त्यामुळे पलीकडे धुळ्यात जाता आलं नाही. भाजी नाही, वर्तमानपत्र नाही. सौ. प्रमिला म्हणते, वर्तमानपत्र नव्हतं म्हणून घरात दोन दिवस जरा शांतता होती. माझ्याकडे यंदा चौथीचा वर्ग आहे. पोरं हुशार आहेत, मास्तरच जुना व्हायला लागलाय.

कार्ड चि. कुंदाच्या हातचं दिसलं. अक्षर छान वळणाचं झालंय, तिला सांगा. मायला आता दिसत नाही हे वाचून वाईट वाटलं. पण दिसत नसतानाही शेंगा निवडायला बसते आणि सुनेच्या निवडण्यातले खडे काढून दाखवते, हे वाचून हसूही आलं. ताईबाई वहिनींनी मनावर घेऊ नये.

आता मुद्द्याचं. मायच्या मनात आहे की येत्या पोळ्याला तुमच्या मळ्याच्या बांधावर कवड्या बैलाच्या नावाचा दगड बसवावा, आणि त्यावर कोरायचा मजकूर मास्तरनं लिहून पाठवावा. शिवाय कुंदाला ती सगळी हकीकत शाळेत सांगायची आहे, तर तीही लिहावी. भाऊ, तुम्ही नुसते गप्पा मारत होता तेव्हाही मला कामाला लावायचात, आता तर कार्ड टाकून लावता. असो. लिहितो. कुंदा सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवील असं धरून लिहितो.

तर कुंदा, ऐक. सन १९४३. जगात मोठं युद्ध चालू होतं आणि आपल्या देशात ठिकठिकाणी फौजेच्या छावण्या पडल्या होत्या. फौजेला माणसं लागतात तशीच जनावरंही लागतात. चोपडा तालुक्यातल्या आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून ठेकेदाराने बैल गोळा केले. तुझ्या बाबांच्या जोडीतला एक बैल आदल्या वर्षी साप चावून गेला होता. उरला एकटा कवड्या. अंगावर कवड्या उधळल्यासारखे ठिपके, म्हणून ते नाव. तुझ्या आजीने त्याची आई मेल्यावर त्याला हाताने दूध पाजून वाढवला होता. एकट्या बैलाला काम नाही, आणि गावाने ठरलेले बैल द्यायचेच होते. ठेकेदाराच्या माणसाने सांगितलं, ‘हा गाडीचा बैल आहे, फौजेच्या गाड्यांना जाईल.’ मग दिला. पण तुझ्या बाबांना त्याला एकटं पाठववेना, म्हणून ते स्वतः हाकारे म्हणून कळपाबरोबर निघाले. कामासाठी नव्हे हो, सोबतीसाठी.

रेल्वेचे डबे तेव्हा फौजेच्या मालाने भरलेले असत. म्हणून चारशे बारा बैल पायी न्यायचे ठरले. चोपडा, अमळनेर, धुळे आणि तिथून आग्रा रोडने मालेगाव-चांदवडच्या पुढच्या छावणीपर्यंत. हाकारे चौदा होते. पंधरावा मी, मॅट्रिक झालेला, चोवीस वर्षांचा, पावसाच्या चार थेंबांनी बेजार होणारा ठेकेदाराचा कारकून. लिहायला-वाचायला येणारा मी एकटाच, म्हणून तेव्हापासूनच सगळे मला मास्तर म्हणू लागले. पुढे खरंच झालो.

आणि सगळ्यांच्या पुढे अभिमन नाना. त्यांचं वय तेव्हा सत्तरीच्या घरात. आधीच्या महायुद्धातही त्यांनी अशीच जनावरं नेली होती, आणि त्यांच्या आजोबांनी त्याही आधी लष्करामागून धान्याच्या गोण्या लादलेले बैल नेले होते. नाना कळपाच्या मागे कधी चालत नसत. चारशे बैलांना पाठ करून, काठी खांद्यावर आडवी टाकून, पुढे चालायचे. मी एकदा विचारलं, ‘नाना, मागे वळून बघत नाही, एखादा सुटला तर?’ म्हणाले, ‘कान शेतस ना.’ म्हणजे, कान आहेत की. मला थट्टा वाटली. पण चालता चालता ते थांबायचे आणि सांगायचे, मागे डावीकडे एकजण लंगडतोय. जाऊन पाहावं तर खरंच कुणाच्या तरी खुरात काटा. चारशे बारा बैलांच्या सोळाशे खुरांमधून एका खुराचा आवाज त्या म्हाताऱ्याला वेगळा कळत होता. मी आजवर पुष्कळ विद्वान पाहिले, भाषणं ऐकली. पण असं ज्ञान मी पुन्हा पाहिलं नाही.

राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी निघालो. तिसऱ्या दिवशी तापीवर अडकलो. पाणी दोन्ही काठ भरून, गढूळ, झाडं वाहून येत होती. तीन दिवस बसलो. चौथ्या दिवशी नानांनी पाण्यात एक काडी खोचली, तासाभराने पाहिली आणि म्हणाले, आता. पण पहिला बैल उतरेना. चारशे बैल काठावर उभे, आणि एकही पुढे होत नाही. तेव्हा भाऊ, तुम्ही धोतर खोचून सरळ पाण्यात शिरलात आणि मागे न बघता कवड्याला हाक मारलीत. तो आला. तो आला म्हणून बाकीचे आले. मी नावेत बसलो होतो, वह्या डोक्यावर धरून. समोर सगळी नदी शिंगांनी भरली होती. अंगं पाण्याखाली, वर फक्त शिंगं, नाकपुड्या आणि डोळे. आवाज काही नाही, नुसता श्वासांचा. नावाड्याने वल्हं थांबवलं आणि हात जोडले. कशाला जोडले ते त्याला विचारायचं मला सुचलं नाही, कारण मीही जोडले होते. एकही बैल वाहून गेला नाही.

धुळं ओलांडलं, लळिंगचा घाट चढून उतरलो, आणि दोन कोसांवर एका खेड्याजवळ मुक्काम पडला. दुसऱ्या दिवशी पोळा. ठेकेदाराला तार करायची होती म्हणून मी सकाळीच धुळ्याला परत गेलो. मी म्हटलं होतं, दुपारी निघायला तयार राहा. नाना म्हणाले, ‘बैल पोयाले चालत नही. फौज काय, राजा ऊना तरी नही.’ पोळ्याला बैल चालवायचा नाही, राजा आला तरी. मी एकट्यानेच धुळ्याची वाट धरली.

दुपार कलल्यावर मी घाटावरून उतरत होतो तेव्हा खाली माळावर जे दिसलं, ते कुंदा, मला अजून नीट सांगता येत नाही. सगळे, चारशे बारा बैल धुतलेले. शिंगं साळून साफ केलेली आणि गेरूने रंगवलेली. कुणाच्या गळ्यात झेंडूच्या माळा, कुणाच्या नुसती आंब्याची पानं. आणि गावातून बायांची रांग येतेय, डोक्यावर टोपल्या. ऐंशी घरांचं गाव. युद्धाची महागाई, धान्य मोजून मिळायचं, गूळ तर दिसत नव्हता. त्या गावाने काय केलं, तर घरागणिक पाच बैल वाटून घेतले. उरले बारा, ते मारुतीच्या देवळाच्या वाट्याला. पुरण ज्यांच्याकडे होतं त्यांनी पुरणाची पोळी, नव्हतं त्यांनी बाजरीची भाकरी आणि वर चिमूटभर गूळ. ओळखीचा एक बैल नाही. आज आलेले, उद्या जाणारे. तिथल्या एका आजीबाईंना, बेबाबाई त्यांचं नाव, मी म्हटलं, आजी, हे बैल तुमचे नाहीत, फौजेचे आहेत. त्या बैलाच्या तोंडात घास देत होत्या, वळूनही न बघता म्हणाल्या, ‘कोना शेतस, कोठे जाई राह्यनात, हाई माले नका सांगू. आज पोया शे ना? मंग भुक्या कसा जाऊ दिसूत?’

मी तिथेच धुळीत बसलो. इतकं मोठं काही मी माणसांना करताना तोवर पाहिलं नव्हतं.

पुढे काय, दुसऱ्या दिवशी निघालो. मालेगावहून काही बैल मनमाडला रेल्वेवर गेले, बाकीचे आम्ही छावणीत पोचवले आणि परत आलो. ते तुझे बाबा सांगतीलच.

मजकूर असा पाठवतो, पाथरवटाला दाखवावा:

‘कवड्या बैल. सन १९४३. तापीच्या पुरात हा सर्वांच्या पुढे उतरला. महायुद्धात याने फौजेची गाडी ओढली.’

अक्षरं फार होत असतील तर शेवटचं वाक्य गाळलं तरी चालेल. मायला साष्टांग नमस्कार. वहिनींना नमस्कार. कुंदाला आशीर्वाद. पोळ्याला शाळेला सुट्टी आहे, पण येणं जमेलसं वाटत नाही.

तुमचा,
गिरधर


देवपूर
सोमवार, ता. ८ ऑगस्ट १९५५

ती. रुपचंदभाऊ यांस,

सा. नमस्कार. हे पत्र तुम्ही एकट्यानेच वाचा. कुंदाला वाचायला देऊ नका. तुम्हाला सावकाश वाचायला लागतं, म्हणून अक्षर मोठं काढतो आहे. मळ्यात नेऊन वाचलंत तर बरं.

तुमचं दुसरं कार्ड शनिवारी आलं. पत्र वाचताना गल्लीतले लोक ओट्यावर जमले होते, तापीचा भाग कुंदाला दोनदा वाचावा लागला, हे सगळं वाचलं. पाथरवट एरंडोलचा मिळाला हेही वाचलं. आणि मायचं बोलणं कुंदाने जसंच्या तसं लिहून पाठवलंय तेही. मजकूर ऐकून माय म्हणाली, ‘एकला कवड्याना दगड नको. बठ्ठा बैलस्ना लिखा. त्या बी कोना तरी घरना व्हतात.’

ते वाचल्यापासून दोन दिवस मी शाळेत नुसता जाऊन येतो आहे. प्रमिलाने विचारलं, ताप आहे का. म्हटलं, नाही. तिलाही कधी सांगितलेलं नाही.

भाऊ, त्या आंधळ्या बाईला बारा वर्षांनी इतर चारशे अकरा बैल आठवले. मी त्यांची यादी करणारा माणूस, आणि मी एका बैलाच्या नावाने दोन ओळी लिहून मोकळा होत होतो. त्यातलीही दुसरी ओळ खोटी. गाळली तरी चालेल असं लिहिलं होतं ना, ते अक्षरं फार होतात म्हणून नव्हे.

आता आडवळण पुरे झालं. सांगतो.

त्या बैलांच्या शिंगांवर पट्टे होते, आठवतं? काहींच्या शिंगाला पांढरा रंग, बाकीच्यांना डांबर. तुम्ही सगळ्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, दोन निरनिराळ्या पलटणींचे आहेत. ते खरं नव्हतं. पांढऱ्या पट्ट्याचे एकशे बावीस बैल गाडीचे. डांबराचे दोनशे नव्वद बैल शिध्याचे. छावणीत गोऱ्या पलटणी होत्या, त्यांच्या खाण्यासाठी. ठेकेदाराने मला कामावर घेतानाच हे सांगितलं होतं, आणि हाकाऱ्यांना कळलं तर एकही जण पाऊल टाकणार नाही, म्हणून तोंड बंद ठेव, असंही. मी ठेवलं. मला पोटासाठी काम हवं होतं, आणि काम नीट झालं तर त्याची शिफारसपत्राची कबुली होती. त्याच चिठ्ठीवर पुढे मला मास्तरकी मिळाली.

कवड्याला पांढरा पट्टा होता. ठेकेदाराच्या माणसाने तुम्हाला दिलेला शब्द पाळला होता. हे आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढचं कुणी केलं ते स्वच्छ राहील.

पोळ्याच्या दिवशी मी घाटावरून उतरत होतो आणि खाली ते दृश्य दिसलं. मागच्या पत्रात लिहिलं त्यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. मी धुळीत बसलो हेही खरं. फक्त का बसलो, त्यातलं अर्धंच लिहिलं. शिंगं साळली होती, भाऊ. सगळ्या बैलांची. पोळ्याला आपण साळतोच, त्यात कुणाची चूक? गावच्या लोकांनी आणि तुम्ही मिळून सुऱ्यांनी, काचांनी घासघासून शिंगं आरशासारखी केली, आणि त्यात पांढरे पट्टे गेले, डांबराचेही गेले. वर सगळ्यांना एकच गेरू. माळावर चारशे बारा बैल उभे, सगळे सारखे. कुठला गाडीचा, कुठला शिध्याचा, हे आता पृथ्वीवर कुणालाच सांगता आलं नसतं. माझ्या वहीत फक्त आकडे होते.

त्या घडीला माझ्या मनात आलं ते सांगतो. मला वाटलं, हे देवानेच केलं. त्या ऐंशी घरांच्या हातून करवलं. मी आस्तिक नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, तरी वाटलं. आणि लगेच दुसरं वाटलं की उद्या हे पट्टे पुन्हा मलाच लावावे लागणार.

लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी. तुम्ही बैल धरून आणत होता, मी कुंचला घेऊन उभा. शे-सव्वाशे बैल मला चेहऱ्याने आठवत होते, त्यांना होता तोच पट्टा. बाकीच्यांना पाय पाहून, दात पाहून, कधी काहीच न पाहता. आदल्या दिवशी त्यांच्या कपाळाला लावलेलं कुंकू अजून ताजं होतं. सगळ्यांना पांढरा लावावा असं आलं मनात, कितीदा तरी आलं. आकडे जुळले नसते. मी भ्यालो.

मग तुम्ही कवड्याला घेऊन आलात. मी पांढऱ्या रंगात कुंचला बुडवला होता. तुम्ही विचारलंत, ‘मास्तर, आपलासंगे शेवटलोंग कोणता जातीन? पांढरा का डांबरना?’

मी म्हणालो, पांढरे मालेगावला वेगळे होतील, मनमाडला जातील. डांबराचे छावणीपर्यंत आपल्याबरोबर.

तुम्ही म्हणालात, ‘मंग कवड्याले डांबर लाव. तितला दिन तरी संगे राही.’

तुम्हाला हे आठवत असेल की नाही, मला माहीत नाही. तुम्ही हसत होता. कवड्याच्या मानेखाली खाजवत होता. मी एक शब्द बोललो असतो तर पुरे होतं. ‘नको’ एवढाच शब्द. कारणही सांगावं लागलं नसतं; मास्तरने नको म्हटलं तर तुम्ही ऐकलं असतं. पण तेव्हा मला वाटलं, नको म्हटलं की तुम्ही ‘का’ विचाराल, आणि तुमच्या मागे दहाजण उभे होते, तेही ऐकतील. मी पांढरा कुंचला बाजूला ठेवला. डांबराचा उचलला. नाना चार हातांवर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. त्यांना माहीत होतं. आधीच्या युद्धात त्यांनी सगळं पाहिलं होतं.

भाऊ, इथे थांबून एक गोष्ट मी हात जोडून सांगतो. ‘मीच सांगितलं होतं’ असं मनात आणू नका. मी बारा वर्षं हे लिहिलं नाही त्यातलं अर्धं कारण माझी भीती, आणि अर्धं हे, की तुम्ही तो दोष स्वतःवर घ्याल. तुम्ही फक्त आणखी आठ दिवस त्याच्याबरोबर चालायला मागितलंत. कुणी कुणावर इतकी माया करतो हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि त्याच मायेचा मी असा उपयोग होऊ दिला. तुम्हाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. एवढाच हिशोब आहे, आणि तो सगळा माझ्याकडे आहे.

ते आठ दिवस मला अजून दिसतात. तुम्ही दोघे नानांच्या मागोमाग, कळपाच्या तोंडाशी. चांदवडच्या चढावर पाऊस लागला तेव्हा तुम्ही घोंगडी कवड्याच्या पाठीवर टाकलीत आणि स्वतः भिजत गेलात. मी मागे, वहीवर छत्री धरून. वाटेतल्या गावांचे लोक रस्त्यावर येऊन उभे राहायचे, कारण दोनशे नव्वद बैल गेरूच्या शिंगांनी, सुकलेल्या माळांनी चाललेले कुणी कधी पाहिले नव्हते. बाया पदर पसरून नमस्कार करायच्या. त्या सगळ्या रस्त्यावर ते कुठे चाललेत हे जाणणारी माणसं दोनच.

छावणीच्या फाटकाशी तुम्ही कवड्याच्या कपाळाला कपाळ लावलंत. म्हणालात, ‘जाय भो. नाव काढजो.’ मग मला विचारलंत, ‘मास्तर, याले कोणती गाडीले जुपतीन?’ मी म्हणालो, तोफेच्या. तेवढं मी स्वतःहून बोललो. तुम्ही मनातही आणलं नसेल इतकं चांगलं उत्तर दिलं.

आत एक गोरा साहेब होता, वयाने माझ्याएवढा. त्याने रंगवलेली शिंगं पाहिली आणि विचारलं, हे काय आहे. मी सांगितलं, या लोकांचा सण झाला, त्या दिवशी बैलांची पूजा करतात. तो बराच वेळ फाटकाबाहेर तुमच्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, ‘त्यांना माहीत आहे?’ मी म्हणालो, नाही. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली आणि माझ्या कागदावर सही केली. तीही पोरं कुठे ब्रह्मदेशात मरायला चालली होती, त्यांनाही कुणाचा काय इलाज, असं मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. त्यामुळे त्या पोरांविषयी कळवळा येतो. माझं ओझं काही हलकं होत नाही.

परतीच्या वाटेवर नानांनी विचारलं, ‘सांगी दिधं का त्याले?’ मी नकारार्थी मान हलवली. म्हणाले, ‘मंग आते जनमभर तूच उचल.’ पुढे वारले तोवर या विषयावर माझ्याशी बोलले नाहीत.

तुम्ही घरी जाऊन मायला तोफेच्या गाडीचं सांगितलंत. दर पोळ्याला ती कवड्याचा नैवेद्य वेगळा काढते हे मला ठाऊक आहे. दोनदा तर मी तुमच्याच घरी पंगतीला बसलो होतो आणि समोर ते पान पाहत जेवलो. पुढे तुमची भेट टाळत आलो, कार्डाला उशिरा उत्तरं दिली, तुम्ही समजलात मास्तरला शहराचं वारं लागलं. लागलं असतं तर बरं होतं.

आता दगडाचं. मी पाठवलेला मजकूर पाथरवटाला देऊ नका, दिला असेल तर हात थांबवा. तापीची ओळ तेवढी खरी आहे. बाकी काय लिहायचं, किंवा दगडच बसवायचा की नाही, हे माझ्या लेखणीचं काम राहिलेलं नाही. मायने सगळ्या बैलांचं लिहा म्हटलं. तिला सगळ्या बैलांचं काय झालं ते आधी कळलं पाहिजे. ते तुम्ही सांगू नका. तुम्ही कशाला तिच्यासमोर उभं राहायचं? मी सांगेन. तिने शिव्या दिल्या तर त्या माझ्या. ती काहीच बोलली नाही तर तेही माझंच. ऐकून झाल्यावर ती म्हणेल तो मजकूर मी लिहून घेईन, तिथेच तिच्यापुढे बसून.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, मंगळवारी सकाळच्या मोटारीने मी चोपड्याला उतरतो. स्टँडवर येऊ नका. मी चालत येईन. तुमचं दार लोटलेलं दिसलं तर कडी वाजवणार नाही, ओट्यावर बसेन. उठून जा म्हणालात तर जाईन. पण सांगितल्याशिवाय जाणार नाही, एवढं या वेळी ठरवलं आहे.

प्रमिलाला आज रात्री जेवणं झाल्यावर सांगणार आहे.

आजवर प्रत्येक पत्राखाली ‘तुमचा’ असं लिहीत आलो. आज ती जागा मोकळी सोडतो. तिथे काय लिहायचं ते तुम्ही ठरवा.

………

गिरधर